अलाइनमेंट तीनदा केली, तरी व्हॅन डावीकडेच

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

प्रश्न : दादा नमस्कार. ऐरोलीहून लिहितेय. माझा डब्यांचा धंदा आहे, गाडी मीच चालवते, रोज रबाळे-महापेच्या कंपन्यांमधे डबे पोचवून परत घरी यायचं असे ५०-६० किलोमीटर होतात. गाडी म्हणजे १३ इंची टायरवाली सीएनजी व्हॅन, सहा वर्षं झाली. जुलैच्या पावसात शिळफाट्याकडून येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक असं आपटलं की सांबाराचा डबा उलटला, गाडीला अजून वास येतो. तेव्हापासून स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी डावीकडे जाते. तीन वेळा अलाइनमेंट केली, दोन वेगवेगळ्या ठिकाणी, स्टेअरिंग सरळ आलं पण ओढणं तसंच. परवा पंक्चर काढायला चाक खोललं तर पंक्चरवाल्याने दाखवलं की पुढच्या डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झालीय आणि एका जागी तार दिसतेय. बाहेरून बघाल तर नक्षी छान आहे! ९ हजार किलोमीटरच झालेत टायरना. पुढचा उजवा टायर ठीक आहे. टायरवाला म्हणतो दोन्ही नवीन टाका, गॅरेजवाला म्हणतो परत अलाइनमेंट करू. पैसे नक्की कुठे घालू?

उत्तर : ताई, पैशाचं नंतर बघू, आधी तो तार दिसणारा टायर काढा आणि स्टेपनी चढवा. उद्या सकाळचे डबे त्या टायरवर जाता कामा नयेत. बाहेरून नक्षी दिसते म्हणून माणूस फसतो, फुटायचा तो आतल्या कडेनेच फुटणार आणि पुढचं चाक आहे, स्टेअरिंग हातातून जाईल. हवेचं प्रेशरही स्टेपनीत बघून घ्या, सहा वर्षांत कोणी बघितलं नसणार, नव्वद टक्के गाड्यांत ती बिचारी बसलेलीच असते.

आता दोन्ही नवीन टायर लगेच टाकू नका. टाकलेत तर डाव्या बाजूचा नवीनही तसाच खाल्ला जाणार, कारण टायर खाणारं जे काही आहे ते गाडीत तसंच आहे. आणि चौथ्यांदा अलाइनमेंटही नको. का नको ते सांगतो, जरा लांबण लागेल पण तुमचे पुढचे बरेच पैसे वाचतील.

अलाइनमेंटचं मशीन हे मोजायचं यंत्र आहे, वजनकाट्यावर तीनदा उभं राहिलं म्हणून वजन उतरत नाही तसंच ते. मशीन चाकांचे मुख्य तीन कोन मोजतं. टो म्हणजे वरून बघितलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे तोंड करून आहेत की पाठ फिरवून. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक उभं आहे की वरच्या बाजूने आत-बाहेर कललंय. आणि कॅस्टर म्हणजे बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे किती झुकलाय, सायकलचा पुढचा चिमटा कसा तिरका असतो तसा, त्याच्यामुळेच वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं. तर तुमच्यासारख्या स्ट्रटवाल्या व्हॅनमधे (स्ट्रट म्हणजे पुढच्या चाकाला धरणारा स्प्रिंग-शॉकअपचा उभा दांडा) यातला फक्त टो फिरवता येतो, टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा, नट ढिला करून. कॅम्बर आणि कॅस्टर कंपनीतून जे लोखंड बसवलंय त्यानेच ठरतात, फिरवायला स्क्रूच नाही. ते बिघडले म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सैल झालंय, तो भाग बदलायचा, बस. तीनही वेळा मशीनवरच्या पोराने टो हिरव्यात, म्हणजे बरोबर मापात आणला, स्टेअरिंग सरळ केलं आणि बिल हातात दिलं. खोटं काही केलं नाही त्याने, पण स्क्रीनवर शेजारचे कॅम्बर-कॅस्टरचे चौकोन लाल असणार आणि ते तुम्हाला दाखवले नाहीत. म्हणून मी म्हणतो की अलाइनमेंटला गेलात की प्रिंट मागायची, आणि तीही काम करायच्या आधीची. नंतरची प्रिंट सगळेच हौसेने देतात.

आता टायर काय सांगतोय ते बघू. दोन्ही कडा घासल्या असत्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला असता तर हवा जास्त. तुमची एकच कड, तीही आतली. त्याला दोन संशयित, टो बाहेर गेलाय किंवा चाक वरून आत कललंय. टो किती वाईट असतो त्याचा हिशोब मी एकदा कागदावर केला होता. १३ इंची लहान टायरला टो फक्त ३ मिलीमीटर चुकला तरी प्रत्येक चाक दर किलोमीटरला पावणेतीन मीटरच्या आसपास आडवं फरफटतं, म्हणजे तुमच्या रोजच्या ६० किलोमीटरमधे दीडशे मीटरच्या वर टायर नुसता डांबरावर खवल्यासारखा घासायचा. पण, ‘टो’चं दुखणं दोन्ही चाकं वाटून घेतात. मशीनवर एकाच चाकाचा टो चुकलेला दिसला तरी रस्त्यावर गाडी सरळ ठेवायला तुम्ही स्टेअरिंग किंचित फिरवता आणि दोन्ही चाकांवर चूक सारखी वाटली जाते, मग दोन्ही टायरची आतली कड गेली असती. तुमचा उजवा ठीक आहे. तरी खात्रीला हात फिरवून बघा, टायरवर तळवा बाहेरून आत आणि आतून बाहेर असा आडवा फिरवायचा, एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर दोष ‘टो’चा आहे. बाहेरून आत जाताना मऊ लागलं तर चाकं आत तोंड करून, आतून बाहेर येताना मऊ लागलं तर बाहेर. फक्त तार दिसते तिथे हात नको, बोट फाडते ती.

कड नुसतीच गुळगुळीत लागली तर मी कॅम्बर म्हणेन. आणि ते तुमच्या खड्ड्याशीही जुळतं. चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं तेव्हा मार खालून वर येतो आणि टायर स्ट्रटच्या बाहेरच्या बाजूला असतो, म्हणून स्ट्रट वाकला तर चाकाचा माथा आत येतो, गाडीचा सगळा भार आतल्या कडेवर.

इथपर्यंत सोपं होतं. खरी गंमत पुढे आहे आणि तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला दोन दिवस खात होती. नुसता कॅम्बर असता तर गाडी उजवीकडे ओढायला हवी होती! नियम असा की ज्या बाजूच्या चाकाचा माथा जास्त बाहेर, गाडी त्या बाजूला जाते. तुमच्या डाव्याचा माथा आत आलाय म्हणजे त्या मानाने उजवा बाहेर, मग ओढ उजवीकडे. घासलेल्या टायरचंही तेच, आतली कड झिजून तो शंकूसारखा झालाय आणि शंकू घरंगळताना बारक्या टोकाच्या बाजूलाच वळतो, तुमच्या डाव्या टायरची बारकी बाजू उजवीकडे आहे. दोघंही उजवीकडे ओढतायत आणि तरी गाडी डावीकडे जाते, म्हणजे डावीकडे ओढणारं तिसरं कोणीतरी आहे आणि ते या दोघांना पुरून उरतंय.

तो तिसरा कोण? माझा पहिला संशय कॅस्टरवर. खड्ड्याचा काठ चाकाला नुसता वर नाही, मागेही ढकलतो. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म वाकला किंवा त्याचा मोठा रबरी बुश फाटला की चाक मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी, गाडी त्या बाजूला ओढते. दुसरा संशय डाव्या पुढच्या ब्रेकवर, कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा, अडकून ब्रेक अर्धवट लागलेला राहिला तरी गाडी त्याच बाजूला जाते. तिसरा, डाव्या टायरमधे हवा कमी. तुमचं पंक्चर कुठल्या चाकाला होतं ते लिहिलं नाहीत, तोच टायर महिनाभर हळूहळू उतरत असेल तर हेही धरायला हवं. बाकी आपल्याकडे रस्त्याला डावीकडे पाणी जायला उतार असतो त्याने थोडं डावीकडे जाणं आलंच, पण तुम्ही म्हणता खड्ड्याच्या दिवसापासून, म्हणजे रस्त्याचा दोष नाही.

यातलं बरंचसं तुम्ही घरीच बघू शकता, कोणाला पैसे न देता. सकाळी गाडी थंड असताना चारही चाकांची हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो त्याच्याप्रमाणे भरा, पंपवाल्याला विचारून नाही, तो सगळ्या गाड्यांना एकच आकडा सांगतो. मग संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडवर गर्दी ओसरल्यावर दहा-बारा किलोमीटर चालवा, थांबताना ब्रेक जेमतेम, उतरून पुढच्या दोन्ही रिमच्या मधल्या भागाजवळ हात न्या, जवळ न्या म्हणतोय, लावू नका. डावीकडे भट्टी आणि उजवीकडे कोमट असेल तर ब्रेक अडकतोय. पाण्याचे दोन थेंब टाकले तरी कळतं, चर्र झालं की समजायचं.

आणि कॅस्टरसाठी एक जुना दोरीचा प्रकार आहे, मशीन नव्हती तेव्हा आम्ही हेच करायचो. सोसायटीच्या सपाट पार्किंगमधे गाडी सरळ पुढे घेऊन थांबवा, स्टेअरिंग सरळ. दोऱ्याला एक जड नट बांधा, पुढच्या डाव्या चाकाच्या बरोबर मध्यावरून दोरा खाली सोडा, नट जमिनीला टेकेल तिथे खडूने फुली. मागच्या डाव्या चाकाचंही तसंच. दोन फुल्यांमधलं अंतर टेपने मोजा, मग उजव्या बाजूचं मोजा. चार-पाच मिलीमीटरचा फरक असू द्या, हात हलतो तेवढा. पण डावी बाजू सेंटीमीटरभर किंवा जास्त आखूड आली तर चाक मागे गेलंय. पुढचं गेलंय की मागचा एक्सल सरकलाय ते कळायला पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डपर्यंत किती बोटं जागा आहे ते दोन्हीकडे घालून बघा. वॉचमनला टेप धरायला सांगा, एकट्याने होत नाही.

हे सगळं करून मग गॅरेजला जा आणि त्याला अलाइनमेंट कर असं म्हणूच नका. म्हणा, पुढची बाजू जॅकवर घे, खाली स्टँड लाव आणि प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, बघ. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खटखट झाली तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं आणि झाली तर टाय रॉड एंड. लोअर आर्मचा बुश टॉमी (लोखंडी पहार) घालून उचकटून बघायचा, नुसत्या डोळ्याने फाटलेला दिसत नाही. काही सैल निघालं तर आधी ते बदलायचं, मगच मशीनवर, कारण सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट गेटच्या बाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरपर्यंत टिकते. मशीनवर दोन्ही बाजूंचे कॅम्बर आणि कॅस्टर बघा, डाव्या-उजव्यात अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक असला तर गाडी ओढणारच. चांगल्या मशीनवर एसएआय म्हणून अजून एक आकडा येतो, समोरून बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं तो आत किती कललाय त्याचा, ऑपरेटरला तो काढायला सांगा, त्याला कंटाळा येईल, येऊ द्या. कॅम्बर बिघडलाय पण एसएआय दोन्हीकडे सारखा असेल तर स्ट्रट किंवा नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) वाकलाय, एसएआयही बदलला असेल तर लोअर आर्म, नाहीतर बॉडीतली स्ट्रटची वरची बैठकच सरकलीय. माझा अंदाज, पैज लावत नाही, डावा स्ट्रट आणि डावा लोअर आर्म दोन्ही. कोणी ‘ताई, गरम करून ठोकून सरळ करून देतो’ म्हणाला तर दुसरं गॅरेज बघा, लोअर आर्म तापवला की त्याची ताकद गेली. हे झालं की अलाइनमेंट, चौथी आणि खरी. नवीन टायर त्याच्या दोन दिवस आधी घेतलेत तरी चालतील.

मी एवढं खात्रीने बोलतोय म्हणून एक माझीच फजिती सांगतो. वागळे इस्टेटला असताना एक शाळेची व्हॅन आली होती, उजवीकडे ओढायची, मी अक्कल पाजळून लोअर आर्म बदलला, स्ट्रट बदलले, तीन दिवस गाडी अडवून ठेवली, ओढ जशीच्या तशी. शेवटी चहा आणणाऱ्या पोराने विचारलं, शेठ चाकं बदलून बघितली का. पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी टाकली आणि गाडी चक्क डावीकडे ओढायला लागली! टायरच आतून सदोष होता, दिसायला कोरा करकरीत. तेव्हापासून कुठलीही ओढणारी गाडी आली की मी आधी पुढची चाकं अदलाबदल करतो. ओढ बाजू बदलते की नाही एवढंच बघायचं, बदलली तर दोष टायरचा. टायरच्या बाजूवर बाण असेल तर त्याची दिशा उलटी होते, अशा टायरवर ही चाचणी दोन-चार किलोमीटरच करायची आणि परत जागच्या जागी. तुमच्या तार दिसणाऱ्या टायरवर मात्र हा प्रयोग नाही करायचा.

प्रश्न : माझी व्हॅन एरवी सरळ चालते पण ब्रेक मारला की उजवीकडे जाते. कळव्याच्या पुलावरून उतरताना भीती वाटते. अलाइनमेंट करू का? (कळव्याचे वाचक)

उत्तर : नाही. फक्त ब्रेकवर ओढते म्हणजे आधी ब्रेक बघायचे. आणि बघताना लोक उलटं करतात, उजवीकडे ओढते म्हणून उजवा ब्रेक खोलतात, तो बिचारा आपलं काम चोख करतोय. बहुतेक वेळा डावा लागतच नसतो. कॅलिपरच्या पिना गंजून जाम झाल्या असतील, पॅडला तेल-ग्रीस लागलं असेल, किंवा ब्रेकची रबरी नळी आतून सुजून बंद झाली असेल, बाहेरून ती एकदम नवी दिसते. नळी तशी झाली तर कधीकधी उलटंही होतं, दाब आत जातो पण परत येत नाही आणि पाय काढल्यावरही ब्रेक लागलेलाच राहतो. पॅड बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. लोअर आर्मचा बुशही एकदा बघून घ्या, फाटलेला असेल तर ब्रेकच्या जोराने चाक मागे जातं आणि लक्षणं हीच येतात. आणि हे या आठवड्यात करा, पावसाची वाट बघू नका.

प्रश्न : नवीन व्हॅन, ४ हजार किलोमीटर. पाम बीच रोडला स्टेअरिंग सोडलं तर हळूहळू डावीकडे सरकते. अटल सेतूवर तर कधी इकडे कधी तिकडे. सर्व्हिस सेंटरवाले नॉर्मल म्हणतात. (खारघर)

उत्तर : या वेळी ते खरं बोलत असतील. आधी सांगतो, अटल सेतूवर स्टेअरिंग सोडून बघायचं नाही. ती समुद्रावरची आडवी हवा आहे, व्हॅन म्हणजे चाकांवरचं कपाट, वारा बाजूने लागला की ढकलली जाणारच, त्यात रिकामी असेल तर जास्त. बाजू बदलत राहते हीच खूण, गाडीतला दोष सहसा एकाच बाजूला ओढतो. पाम बीचचं डावीकडे सरकणं रस्त्याच्या उताराचं असू शकतं. जिथे रस्ता उजवीकडे उतरता असेल अशा मोकळ्या जागी बघा, उजवीकडे सरकली तर गाडी निर्दोष. हवा चारही चाकांत स्टिकरप्रमाणे भरून तरी डावीकडेच जात असेल तर मग वॉरंटीत भांडा, आधीची प्रिंट मागून.

एक अजून, वळण घेऊन आल्यावर ज्या बाजूला वळलात त्याच बाजूला थोडा वेळ ओढत राहते का? डावीकडे वळून आलात तर डावीकडे, उजवीकडे वळून आलात तर उजवीकडे? तसं असेल तर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट घट्ट आहे, स्टेअरिंग मोकळं परत येत नाही. हे नवीन गाडीतही होतं आणि अलाइनमेंटच्या मशीनवर कधीच सापडत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. मागच्या टायरवर थोड्या-थोड्या अंतरावर खळगे पडलेत, गाडी घूं घूं आवाज करते. बेअरिंग बदललं, आवाज तसाच. (कासारवडवली)

उत्तर : आवाज टायरचाच आहे हो. असे वाटीसारखे खळगे पडले म्हणजे चाक रस्त्यावर टिकून चालत नाहीये, उड्या मारतंय, शॉकअप गेलेत. मागचा कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा, एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर गेले. तेलाचे ओघळ दिसले तर दाबायचीही गरज नाही. तुमच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आणि डांबराच्या सांध्यांनी शॉकअपची काय हालत होते ते मी सांगायला नको. जोडीने बदला, चाकांचं बॅलन्सिंग करा. पडलेले खळगे भरून येत नाहीत, आवाज थोडा राहीलच. नक्षीच्या खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिलीमीटरचे, नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर संपला, तोपर्यंत वापरा.

यापुढे ८-१० हजारला चाकांच्या जागा बदलत जा. तुमची व्हॅन मागच्या चाकांवर चालणारी असेल, इको किंवा जुनी ओम्नी असते तशी, तर मागचे टायर त्याच बाजूला सरळ पुढे आणायचे आणि पुढचे मागे टाकताना डावा उजवीकडे, उजवा डावीकडे.